पार्क नंतर, महिना आधी

"यलोस्टोन केलं का?" हा प्रश्न अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी घरात पोहे आणि चहा यांच्या मधे कधीतरी येतोच. उत्तरही ठरलेलं असतं. "केलं ना, गेल्या जुलैत. त्याच ट्रिपमध्ये ग्रँड टेटन पण झालं. आता युटाचे पाच राहिलेत, ते थँक्सगिव्हिंगला उरकून टाकू."

आपल्या भाषेतलं हे 'करणं' मोठं मजेशीर आहे. आपण चारधाम करतो, अष्टविनायक करतो, आणि इथे आलो की नॅशनल पार्क करतो. अष्टविनायकाचं एक बरं असतं. आठच आहेत, यादी पक्की आहे, आणि गणपती बारा महिने जागेवर असतो. अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांचं तसं नाही. तिथला देव पुष्कळदा जागेवर नसतो! ज्या धबधब्यासाठी आपण विमानाचं तिकीट काढलं, तो ऑगस्टअखेर वाळलेला असतो. ज्या रस्त्याचा फोटो बघून ट्रिप ठरवली, तो रस्ता मे महिन्यात दहा फूट बर्फाखाली असू शकतो.

म्हणून माझं सरळ मत असं आहे: कुठलं पार्क बघायचं हा पहिला प्रश्न नव्हेच. पहिला प्रश्न 'महिना कुठला', दुसरा 'बरोबर कोण', तिसरा 'हातात दिवस किती'. या तिन्हीची उत्तरं लिहून काढली की पार्कचं नाव बहुतेक वेळा आपोआप समोर येतं. आपण नेमकं उलट करतो. आधी नाव ठरवतो, मग लाँग वीकेंड शोधतो, आणि मग आई-बाबांना त्यात बसवतो.

आधी त्या ६३ च्या यादीबद्दल

सध्या अमेरिकेत ६३ नॅशनल पार्क आहेत. बऱ्याच मंडळींकडे याची एक्सेल शीट असते, हिरवे-लाल रंग भरलेली. (आपण इंजिनिअर लोक, स्तंभ आणि ओळी दिसल्या की आपल्याला बरं वाटतं.) पण 'नॅशनल पार्क' ही पदवी अमेरिकन काँग्रेस कायदा करून देते आणि त्यात राजकारण, पर्यटन, स्थानिक अभिमान सगळं येतं. सेंट लुईसमधली ती प्रचंड कमान, गेटवे आर्च, २०१८ मध्ये नॅशनल पार्क झाली. शहराच्या मधोमध, दोनशे एकरांपेक्षाही कमी जागा. त्याच यादीत अलास्कातलं रँगल-सेंट इलायस आहे, जवळजवळ १ कोटी ३२ लाख एकरांचं. दोन्हींना शीटमध्ये एकच चौकोन!

उलट बाजूही बघा. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅन्यन ही नावाहो लोकांच्या जमिनीवर आहेत, ती नॅशनल पार्क नाहीत. हॉर्सशू बेंड ज्या ग्लेन कॅन्यनमध्ये येतं तो 'नॅशनल रिक्रिएशन एरिया' आहे. सॅन फ्रान्सिस्कोजवळचं म्यूर वुड्स हे 'नॅशनल मॉन्युमेंट'. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात अशा सगळ्या प्रकारच्या मिळून ४३० हून जास्त जागा आहेत. म्हणजे यादीतल्या नावावरून जागेची प्रत ठरवणं हे कॉलेजच्या नावावरून माणूस जोखण्यासारखं झालं. कधी जमतं, कधी पार फसतं.

नावाचा घोटाळा कधीकधी महागही पडतो. लास व्हेगसहून 'ग्रँड कॅन्यन' म्हणून जी एक दिवसाची सहल विकली जाते, ती पुष्कळदा ग्रँड कॅन्यन वेस्टची असते, काचेच्या स्कायवॉकची. ती जागा वालापाय जमातीची आहे, नॅशनल पार्कच्या बाहेर. तिथे जाऊ नये असं मी म्हणत नाही. पण नॅशनल पार्कचा साउथ रिम व्हेगसहून साधारण २८० मैल, म्हणजे गाडीने साडेचार तास आहे. हे माहीत असून निवड केली तर उत्तम.

महिना

पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला हे शिकवायची खरं तर गरज नसावी. एप्रिलमध्ये कोणी कास पठारावर फुलं बघायला जातं का? लोहगडाचं हिरवं रूप मेमध्ये शोधतं का? सह्याद्रीचं कॅलेंडर आपल्याला पाठ असतं. इथे मात्र आपण ऑफिसच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर घेऊन निघतो: मेमोरियल डे, चार जुलै, लेबर डे, थँक्सगिव्हिंग.

काही उदाहरणं देतो.

योसेमिटी. योसेमिटी फॉल्स २,४२५ फूट उंच आहे आणि तो चालतो वितळणाऱ्या बर्फावर. मे आणि जूनच्या सुरुवातीला त्याचा आवाज दरीभर घुमतो. ऑगस्टच्या शेवटाला तिथे अनेकदा फक्त ओला डाग उरतो. पण मेमध्ये टायोगा पासचा रस्ता (जवळजवळ १० हजार फूट उंचीवरून जाणारा) बहुधा अजून बंद असतो. म्हणजे धबधबे हवेत की वरची कुरणं आणि तळी हवीत, हे आधी ठरवावं लागतं. दोन्ही एकत्र मिळण्याचा काळ फार छोटा, आणि तेव्हा गर्दीही तुफान.

डेथ व्हॅली. जुलै १९१३ मध्ये तिथे १३४ फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ५७ सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, आणि तो आकडा आजही जगातला अधिकृत विक्रम आहे. चार जुलैला तिथे जाणं ही हौस नसून जिवाशी खेळ आहे. पण डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा बाकी सगळीकडे बर्फ, तेव्हा हीच जागा स्वेटर घालून हिंडण्यासारखी होते. समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली, मिठाच्या पांढऱ्या मैदानात उभं राहायचं. ख्रिसमसच्या सुट्टीत काय करायचं असं विचारणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या माणसाला मी डोळे मिटून हेच सांगतो.

यलोस्टोन. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून साधारण एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत आतले बहुतेक रस्ते साध्या गाड्यांना बंद असतात. उत्तरेकडचा एक रस्ता तेवढा वर्षभर चालू. म्हणजे "थँक्सगिव्हिंगला यलोस्टोन उरकू" हे वाक्यच बाद! लेबर डे संपल्यावरचे दोन-तीन आठवडे मात्र झकास: शाळा सुरू झालेल्या, गर्दी थोडी ओसरलेली, आणि एल्क हरणांच्या माजाचा काळ.

माउंट रेनियरची रानफुलं जुलैअखेर ते ऑगस्ट. फ्लोरिडाचं एव्हरग्लेड्स डिसेंबर ते एप्रिल, एरवी डास तुम्हालाच बघायला येतात. ग्रेट स्मोकी माउंटनमध्ये ऑक्टोबरचे रंग, किंवा मेअखेर-जूनमध्ये एका तालात लुकलुकणारे काजवे (ते बघायला लॉटरी लागते, आपल्या एच-१ सारखी). झायनमधल्या नॅरोज या घळीत पाण्यातून चालायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर दुपारच्या पावसाने अचानक लोंढे येतात, ते ध्यानात ठेवायचं.

बरोबर कोण

हा प्रश्न आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. कारण आपल्या मोठ्या ट्रिपा बहुतेक आई-बाबा आले की होतात.

आता गंमत बघा. थंडी नको म्हणून आई-बाबा एप्रिल-मेमध्ये येतात, सहा महिने धरून ऑक्टोबरात परत जातात. म्हणजे वर्षातले नेमके सगळ्यात गर्दीचे आणि वाळवंटात सगळ्यात तापलेले महिने त्यांच्या वाट्याला. त्यात मुलाला सुट्टी कधी? चार जुलैला. आणि व्हेगस बघायचंच असतं, म्हणून मग १०५-११० फॅरनहाइटमध्ये आर्चेस! सत्तरीच्या माणसाला डेलिकेट आर्चची तीन मैलांची वाट, उघड्या खडकावरून ४८० फूट चढ, सावलीचं नाव नाही. बाबा "जमतंय, जमतंय" म्हणत राहतात. ते तसंच म्हणणार. मुलानं इतका खर्च केलाय, सुट्टी काढलीय, त्याला नाही कसं म्हणायचं? आई गाडीत बसून "तुम्ही या जाऊन, मी आहे इथे" म्हणते. ते ऐकून 'चला, त्यांना कंटाळा आला असेल' असं समजू नये. आपण चुकीची जागा निवडलेली असते, एवढाच त्याचा अर्थ.

गुडघे धरून निवड करा. साउथ रिमच्या कडेनं मैलोन्‌मैल सपाट, बहुतांश फरसबंद वाट आहे, बसायला बाकं आहेत, फुकट शटल आहे. यलोस्टोनमधले बहुतेक प्रसिद्ध गीझर आणि रंगीत झरे लाकडी फळ्यांच्या वाटांवरून दिसतात. ब्राइस कॅन्यनचा काठ आठ-नऊ हजार फुटांवर असल्यामुळे भर उन्हाळ्यातही हवा सुसह्य असते, आणि ते लाल सुळके गाडीपासून शंभर पावलांवर दिसतात. ग्लेशियरमधला 'गोइंग-टू-द-सन' रस्ता ५० मैलांचा आहे, आणि तिथे रस्ता हेच मुख्य दृश्य. मात्र तो पूर्ण उघडायला बहुधा जूनअखेर किंवा जुलै उजाडतो. ज्यांना हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास आहे त्यांच्या बाबतीत उंचीबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. यलोस्टोनच्या मधोमध असताना मोठं हॉस्पिटल तासाच्या अंतरावर नसतं.

खर्चाचं गणितही आता बदललंय. १ जानेवारी २०२६ पासून वर्षाचा पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलरला आणि बाहेरून येणाऱ्यांना २५० डॉलरला झाला. शिवाय यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस, ग्लेशियर अशा ११ गर्दीच्या पार्कांत, पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला माणशी १०० डॉलर जादा, १६ वर्षांखालची मुलं वगळून. म्हणजे भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी हा प्रश्न थेट खिशाचा झाला. तुमच्या गाडीत कोण आहे आणि कुठला पास चालतो, हे निघायच्या आधी पार्क सर्व्हिसच्या साइटवर वाचून घ्या. आणि पार्क कमी निवडा, हे म्हणायला मला आणखी एक कारण मिळालं!

दिवस किती

आता माझ्या आवडत्या भांडणाकडे येतो. चार दिवसांत व्हेगस-झायन-ब्राइस-आर्चेस-मॉन्युमेंट व्हॅली-ग्रँड कॅन्यन-व्हेगस. ही 'आयटिनररी' अनेकांच्या मेलबॉक्समध्ये फिरत असते. बेरीज केली तर अकराशे मैलांच्या पुढे जाते, वीसेक तास स्टिअरिंगवर. मुंबईहून दिल्लीला गाडीने जाण्यापेक्षाही जास्त. त्यात झोप, जेवण, पेट्रोल आणि पार्किंग शोधणं वजा करा. प्रत्येक ठिकाणी उरतात दोन-तीन तास, आणि तेही ऊन टळटळीत असतानाचे, कारण पहाट आणि संध्याकाळ गाडीत गेलेली.

यलोस्टोनचंच घ्या. जगातले निम्म्याहून जास्त सक्रिय गीझर या एका पार्कात आहेत. आतला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा रस्ता १४२ मैलांचा, वेगमर्यादा ताशी ४५ मैल, आणि मधे एखादा बायसन रस्त्यावर उभा राहिला की अर्धा तास गेला. लोक एका दिवसात हे वर्तुळ मारतात, ओल्ड फेथफुल बघतात, निघतात. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाला उडतो, म्हणून तो सोयीचा. पण त्याच पठारावर, फळ्यांच्या वाटेनं थोडं पुढे, ग्रँड गीझर आहे. वेळेचा अंदाज देता येणाऱ्या गीझरमध्ये जगातला सर्वांत उंच, २०० फुटांपर्यंत जाणारा. तो काही तासांतून एकदाच उडतो. रेंजर अंदाज फलकावर लावतात आणि मग बाकावर बसून वाट बघायची. तासभर बसावं लागेल, कदाचित दोन. 'उरकणाऱ्या' माणसाला तो दिसतच नाही. लामार दरीतले लांडगेही तसेच. १९९५ मध्ये तिथे लांडगे पुन्हा आणून सोडले, आणि ते दिसतात ते पहाटे, दुर्बिणी लावून बसलेल्यांना.

ग्रँड कॅन्यनमध्येही तेच. काठावरून बघितलं की ते एक पोस्टर वाटतं, इतकं मोठं की डोळ्याला खोलीच कळत नाही. पाय धड असतील तर साउथ कायबाब वाटेनं जेमतेम मैलभर खाली उतरा. (सिंहगडाच्या उलट: आधी उतार, मग चढ. दुप्पट वेळ आणि भरपूर पाणी ठेवा. दरीच्या तळाशी जाऊन त्याच दिवशी परत यायच्या भानगडीत पडू नका.) मग थर दिसायला लागतात. सगळ्यात वरचा चुनखडीचा थर सुमारे २७ कोटी वर्षांचा. आपला काळा सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे तिथला सगळ्यात तरुण दगडही त्याच्या चौपट जुना! आणि तळाच्या पावणेदोनशे कोटी वर्षांच्या खडकाचं नाव काय? 'विष्णू'! क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञानं १८८० च्या दशकात इथल्या सुळक्यांना विष्णू टेंपल, शिवा टेंपल अशी नावं दिली. व्हेगसहून धावत येऊन सेल्फी काढणाऱ्या आपल्या मंडळींना हे कळलं तर निदान नमस्काराला तरी थांबतील.

"पण पुन्हा कोण येणार?"

हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. व्हिसाचं आज आहे, उद्या नाही. नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायची वेळ येते. आई-बाबा एवढा लांबचा प्रवास आणखी किती वेळा करणार? म्हणून वाटतं, मिळतंय तोवर सगळं बघून घ्यावं.

पण याच कारणासाठी मी कमी निवडा म्हणतो. वर्षाच्या दहा-पंधरा सुट्ट्या. त्यातल्या निम्म्या भारतवारीला. उरलेल्यात वर्षाला एखादी मोठी ट्रिप. इथे दहा वर्षं राहिलात तरी अशा दहा ट्रिपा. आई-बाबांबरोबरच्या मोजल्या तर दोन किंवा तीन. इतक्या कमी असतील तर त्यातली एक ट्रिप गाडीच्या मागच्या सीटवर उलटीच्या गोळ्या खात घालवायची का? भारतात परतल्यावर मोटेलांची नावं कोणाला आठवत नाहीत. एल्कचं ओरडणं, गीझरची वाट बघताना उघडलेला मेथीच्या ठेपल्यांचा डबा, हे आठवतं. त्यासाठी एका जागी तीन रात्री लागतात.

आणखी एक. प्रसिद्ध जागा टाळा, असा शहाणपणा मी सांगणार नाही. आयुष्यात एकच पार्क बघायला मिळणार असेल तर बिनधास्त यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन निवडा. ती प्रसिद्ध आहेत ती कारणानेच. पण तुम्ही इथे राहात असाल तर जवळचंही बघा. बे एरियातून ऑगस्टमध्ये लासेन: उकळता चिखल, गंधकाची वाफ, धाकटं यलोस्टोनच. न्यू जर्सीतून ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकेडिया, किंवा मधल्या वारी शेनांडोआ. टेक्साससारख्या ठिकाणाहून हिवाळ्यात बिग बेंड, रात्री आकाश बघायला. सिअ‍ॅटलहून तीन तासांच्या आत नॉर्थ कॅस्केड्स, जिथे मुद्दाम जाणारे फारच थोडे. २०२४ मध्ये या सगळ्या व्यवस्थेतल्या जागांना मिळून ३३ कोटींहून जास्त भेटी झाल्या, पण त्यांतल्या फार मोठ्या भागाचं ओझं मोजक्या नावांवर पडतं. ग्रेट स्मोकीला एकट्याला १ कोटी २० लाखांहून जास्त, आणि अलास्कातल्या गेट्स ऑफ द आर्क्टिकला बारा हजारांच्या आसपास. (तिथे रस्ता नाही, पायवाटही नाही. एक्सेल शीटवाल्यांनी नोंद घ्यावी!)

तर पुढच्या ट्रिपचा विषय निघाला की कागद घ्या. वर महिना लिहा. त्याखाली येणाऱ्यांची नावं आणि प्रत्येकापुढे वय. मग दिवस, त्यातून येण्या-जाण्याचे दोन वजा. उरलेल्या दिवसांत जास्तीत जास्त दोन पार्क, शेजारशेजारचे. मग आतल्या लॉजचं बुकिंग बघा, कारण मोठ्या पार्कांत ते साधारण वर्षभर आधी उघडतं आणि लगेच भरतं. काही ठिकाणी प्रवेशाची वेळ किंवा एखाद्या वाटेचं परमिट लागतं, झायनच्या एंजल्स लँडिंगला २०२२ पासून लागतं तसं, आणि हे नियम दरवर्षी हलतात. ते बघून घ्या.

आणि आई-बाबा येणार असतील तर यादी त्यांना फोनवर वाचून दाखवू नका. "तुम्हाला काय बघायला आवडेल? पाणी, डोंगर, प्राणी की झाडं?" एवढंच विचारा. बाबा बहुधा "तुम्ही न्याल तिथे" म्हणतील. मग आईला विचारा.